चाकांवरचा चौका

नाशिक शहरात ‘कॅम्पर’ हा शब्द उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुढे दोन ओळींची बंद केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली बोलेरो कॅम्पर उभी राहते. रस्त्यांचे ठेकेदार, द्राक्षबागायतदार, बी-बियाण्यांचे व्यापारी यांच्या दारात ती जागोजागी दिसते. अमेरिकेत मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथे पिकअप गाडीच्या हौद्यावर बसवता येईल आणि प्रवास संपल्यावर उतरवून ठेवता येईल अशी छोटी खोली तयार करतात; तिला ‘ट्रक कॅम्पर’ म्हणतात. सुट्टीत गाडी घर बनते आणि एरवी ती कामाची गाडी राहते. जैन यात्रेकरूला या कल्पनेत नवे असे फारसे काही वाटणार नाही. मुनिसंघाच्या विहारात किंवा तीर्थयात्रेत चौक्याचे सामान वाहून नेणारी छोटी गाडी हे तिचेच आपल्याकडचे रूप आहे.

अशी गाडी नवी घेणे प्रत्येक कुटुंबाला परवडत नाही. जुनी गाडी मात्र बेताच्या रकमेत मिळते, आणि नाशिकसारखे ठिकाण त्यासाठी सोयीचे आहे. मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या मधून जातो. द्वारका चौकात पुण्याचा रस्ता त्याला मिळतो. आडगावला मालमोटारींचा तळ आहे. सातपूरच्या कारखान्यात बोलेरो गाडी तयार होते, त्यामुळे या गाडीची नस ओळखणारे कारागीरही शहरात पुष्कळ आहेत. दुसऱ्या बाजूला तीर्थांचा विचार केला, तर म्हसरूळजवळचा गजपंथा शहराला लागूनच आहे. विल्होळीचे धर्मचक्र प्रभाव तीर्थ महामार्गावर आहे. मनमाडजवळ अंकाई-टंकाईची जैन लेणी आहेत आणि बागलाण तालुक्यात मांगीतुंगी आहे. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला यादव राजा सेऊणचंद्राच्या काळातील, शके १०६३ चा शिलालेख आहे. चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या मंदिराला काही दुकानांचे उत्पन्न अर्पण केल्याची नोंद त्यात आढळते. दुकान आणि तीर्थ यांचे नाते या भूमीत नऊशे वर्षांइतके जुने आहे.

वाहनाशीही या समाजाचे नाते जुने आहे. ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे, की तो मुळात एका जर्मन कंपनीच्या तीनचाकी गाडीचे नाव होता हे कोणाच्या ध्यानात राहिलेले नाही. अहमदनगरच्या फिरोदिया घराण्यातील नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभारली आणि त्या नावाने मालवाहतुकीची गाडी खेडोपाडी पोहोचली. पुढे त्याच कंपनीची मॅटाडोर आली, नंतर ट्रॅव्हलर आली. आजही कित्येक घरांतील वडीलधारी मंडळी कोणत्याही बंद गाडीला मॅटाडोरच म्हणतात. व्यापारी कुटुंबांनी या गाड्यांतून धान्य वाहिले, कापड वाहिले आणि सुटीच्या दिवशी माणसेही वाहिली. शेवटच्या गोष्टीबद्दल मात्र आता थांबून विचार करणे आवश्यक आहे.

मालवाहू गाडीच्या हौद्यात सतरंजी अंथरून पंधरा-वीस माणसांनी यात्रेला जाणे ही आपल्या गावांतील नित्याची गोष्ट होती. कायदा त्यास परवानगी देत नाही. अपघात घडल्यास हौद्यातील माणसांना विम्याचे संरक्षण मिळेलच असे नाही, आणि घाटातल्या एका वळणावर गाडी कलंडली तर त्यांना धरायला आधारही नसतो. जुनी गाडी पाहायला निघण्यापूर्वी कुटुंबाने पहिला निर्णय हाच घ्यावा, की माणसे केबिनमध्ये बसतील आणि हौद्यात केवळ सामान जाईल. हा निर्णय ठरला की पुढची निवड आपोआप सोपी होते.

दुसरा प्रश्न गरजेचा आहे. परदेशी प्रवाशाला गाडीत बिछाना लागतो, कारण वाटेत त्याला मुक्कामाची जागा मिळेलच याची खात्री नसते. जैन यात्रेकरूची स्थिती वेगळी आहे. गजपंथा असो वा मांगीतुंगी, पायथ्याशी धर्मशाळा आहे. वाटेतील गावांत स्थानक, मंदिर किंवा साधर्मिकांचे घर असते. रात्रीच्या निवाऱ्याची सोय समाजाने पिढ्यान् पिढ्या करून ठेवली आहे. अडचण येते ती भोजनाची. कंदमुळे टाळायची, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे, पाणी गाळून घ्यायचे, हे नियम महामार्गावरच्या ढाब्यावर सांभाळता येत नाहीत. दिगंबर मुनिसंघाबरोबर चौका लावणाऱ्या श्रावकांची जबाबदारी तर याहून मोठी असते. म्हणजे या गाडीला पलंग, पडदे, कपाटे यांची गरज नाही. तिला एक स्वच्छ आणि सुटसुटीत स्वयंपाकघर हवे आहे. खरेदीतील अर्धा खर्च या एका विचाराने वाचतो.

बाजारात चार प्रकारच्या गाड्या समोर येतात. २००५ मध्ये आलेला टाटा एस, ज्याला सर्वत्र ‘छोटा हत्ती’ म्हणतात, तो स्वस्त पडतो आणि गल्लीत फिरतो. परंतु सुरुवातीच्या गाड्यांचे दोन सिलिंडरचे इंजिन भरल्या वजनाने घाट चढताना दमते आणि केबिनमध्ये जागाही अपुरी असते. १९८६ पासून रस्त्यावर असलेली टाटा ४०७ दणकट असते, तिचे सुटे भाग कोठेही मिळतात. मात्र एका कुटुंबाच्या चौक्यासाठी ती मोठी ठरते, आणि जिचे भारित वजन ३,००० किलोंहून अधिक त्या मालवाहू गाडीला परवाना लागतो. ट्रॅव्हलर माणसांसाठी उत्तम आहे. परंतु तिच्यात शेगडी बसवणे म्हणजे मूळ रचनेत बदल करणे होय. उरते ती कॅम्पर. तिच्या केबिनमध्ये चालकासह पाच जण कायदेशीरपणे बसतात आणि मागचा हौदा सामानाला मोकळा राहतो. लहान कुटुंबाला बहुधा हीच गाडी सोयीची पडते. चालकाच्या परवान्याबद्दलची शंकाही आता मिटली आहे. भारित वजन ७,५०० किलोंपर्यंत असलेली मालवाहू गाडी हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले.

गाडी पाहण्याचा उत्तम काळ म्हणजे चातुर्मास. साधुसंत एका ठिकाणी स्थिर असतात, विहार थांबलेला असतो, त्यामुळे घाई नसते. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. पाऊस गाडीचे दोष उघडे करतो. काचेच्या रबरातून गळणारे पाणी, केबिनच्या तळाशी साचणारी ओल, पुसणी पुसते की नुसती फिरते, चिखलात ब्रेक दाबल्यावर गाडी कोणत्या अंगाला ओढते, हे सर्व श्रावणात कळते. वैशाखातल्या उन्हात चकाकणाऱ्या रंगाखाली ते लपून राहते.

नाशिक जिल्ह्यातील जुन्या मालवाहू गाडीचा एक विशेष इतिहास असतो. ती बहुधा कांदा, टोमॅटो किंवा द्राक्षे वाहून आलेली असते. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारात हंगामात गाड्यांच्या रांगा लागतात, आणि भाव चढला की क्षमतेपेक्षा जास्त माल भरण्याचा मोह होतो. अशा गाडीचे पाटे आधी पाहावेत. कंपनीने दिलेल्या पाट्यांखेरीज वर आणखी एखाद-दुसरा पाटा चढवलेला दिसला, तर ही गाडी ओझ्याखाली जगली आहे असे समजावे. चेसिसवर वेल्डिंगचे टाके दिसले तर तेथूनच परतावे. ओला शेतमाल आणि औषधफवारणीचे पाणी यांमुळे हौद्याचा पत्रा आतून सडतो, म्हणून तळाशी वाकून बोटाने ठोकून पाहावे. लांबी भरून रंग दिलेल्या जागी लोहचुंबक चिकटत नाही. व्यापाऱ्याच्या घरात नाणे वाजवून पारखण्याची जी सवय एके काळी होती, तीच येथे कामी येते.

इंजिनाची परीक्षा सकाळी आणि थंड असताना घ्यावी. विकणाऱ्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी येण्याचे सांगून निघावे. जुना मिस्त्री सोबत असल्यास तो बॉनेटवर हात ठेवूनच म्हणतो, “शेठ, गाडी कोमट आहे, उद्या या.” त्याच्या या एका वाक्याची मजुरी आनंदाने द्यावी. थंड इंजिन सुरू झाल्यावर निघणारा धूर पुष्कळ काही सांगतो. निळसर धूर सतत येत राहिला तर इंजिन ऑइल जाळत आहे. काळा धूर इंधन किंवा हवेच्या व्यवस्थेतील बिघाड दाखवतो आणि तो बहुतेक वेळा दुरुस्त होतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाही आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असले, तर तो मोठ्या खर्चाचा संकेत आहे. ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर आतून जोराने वाफारे येत असतील, तरीही सौदा टाळलेला बरा. १ एप्रिल २०२० पासून देशात केवळ बीएस-६ मानकाच्या नव्या गाड्या विकल्या जातात. त्यांची धूरशुद्धीकरणाची यंत्रणा नाजूक आणि महाग असते. म्हणून बेताच्या रकमेत वापर कमी असणाऱ्या कुटुंबाने बीएस-४ काळातील, नीट राखलेल्या गाडीचाही विचार करावा. अर्थात जुन्या गाडीचे उरलेले आयुष्य आणि परगावचे निर्बंध लक्षात ठेवावेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली. हस्तिनापूरच्या यात्रेचा बेत करणाऱ्यांनी तेथील त्या वेळचे नियम आधी विचारून घ्यावेत. त्या भागातून स्वस्तात आलेली गाडी समोर आली, तर तिचे ना-हरकत प्रमाणपत्र खरे आहे की नाही याची खात्री करावी.

यानंतर कागद. नाशिकचे प्रादेशिक परिवहन कार्यालय पेठ रस्त्यावर आहे, आणि सौद्याचा विसार देण्यापूर्वी तेथे किंवा शासनाच्या परिवहन संकेतस्थळावर एक फेरी व्हावी. गाडीवर बँकेचा बोजा आहे काय, दंडाच्या पावत्या थकलेल्या आहेत काय, योग्यता प्रमाणपत्र चालू आहे काय, हे तपासावे. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. चेसिसवर कोरलेल्या क्रमांकाचा कागदावर पेन्सिलने छापा घेऊन तो नोंदणीपुस्तकाशी अक्षरशः ताडून पाहावा. हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. कर्ज फिटलेले असल्यास नमुना ३५ लागतो. खरेदीदाराने तीस दिवसांच्या आत नावबदलाचा अर्ज करावा आणि चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवावे. ओळखीच्या व्यवहारात “आपलाच माणूस आहे, नाव नंतर करू” असे सहज म्हटले जाते. अपघात घडला तर मात्र नोंदणीत ज्याचे नाव, त्याच्यावर भरपाईचे दायित्व येते. आपली जुनी गाडी विकणाऱ्या दुकानदारानेही हे विसरू नये.

कागद पटले की गाडी चालवून पाहावी. पहिली फेरी म्हसरूळपर्यंत. गर्दीतून जाताना क्लच, गिअर आणि स्टेअरिंगमधील ढिलाई कळते. गजपंथाच्या पायथ्याशी गाडी उभी करून, चारशेहून अधिक पायऱ्या चढून दर्शन घेऊन परत येईपर्यंत गाडीखाली तेलाचे थेंब पडले आहेत काय, ते पाहता येते. दुसरी फेरी घाटाची. मुंबईच्या बाजूला कसारा घाट आहे. उत्तरेला देवळ्याच्या वाटेवर भावडबारी आहे. चढावर तापमानाचा काटा आणि उतारावर ब्रेक, या दोहोंवर लक्ष ठेवावे. उतार संपल्यावर चाकांजवळ जळका वास येत असेल, तर ब्रेकचे काम निघाले असे धरून भाव ठरवावा.

गाडी घेतल्यावर सर्वांत मोठी चूक सजावटीत होते. प्रत्येक नोंदणीपुस्तकात दोन वजने लिहिलेली असतात, रिकाम्या गाडीचे आणि पूर्ण भारित गाडीचे. त्यांतील फरक हीच गाडीची खरी शिल्लक. समजा, ती १,००० किलो आहे. केबिनमध्ये पाच माणसे बसली की सुमारे ३२५ किलो खर्ची पडले. उरले ६७५. सुताराने १९ मिलिमीटर प्लायवूडच्या आठ पत्र्यांची कपाटे केली, तर एका पत्र्याचे वजन ३५ किलोंच्या आसपास धरून २८० किलो गेले. २०० लिटरची टाकी भरली की २०० किलो. वर लोखंडी सांगाडा १५० किलोंचा. आता शिल्लक ४५ किलो, आणि शेगडी, भांडी, धान्य, बिछाने अजून जमिनीवरच आहेत. अशी गाडी उतारावर थांबत नाही.

चौक्याचे नियम पाळले, तर हे ओझे मुळातच लागत नाही. गाळलेल्या पाण्याची मर्यादा परंपरेने एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे मानली आहे. उकळलेल्या पाण्याची चोवीस तास. जिवाणी ज्या विहिरीचे पाणी तिच्याच पाण्यात परत सोडायची असते. म्हणजे पाणी मुक्कामावरच काढायचे आणि गाळायचे. दोनशे लिटर पाणी मैलोन्मैल वाहून नेण्यात ना धर्म साधतो ना सोय. वाटेपुरते वीस लिटरचे दोन डबे पुरतात. प्लायवूडच्या सांध्यांत ओल धरते, मुंग्या आणि झुरळे घर करतात, आणि मग जीवदया सांभाळणे कठीण होते. त्याऐवजी दुकानातील स्टीलची घडवंची आणि घडीचे टेबल न्यावे. फडक्याने पुसले की स्वच्छ. वर हलक्या पाइपवर ताडपत्री. पाणी, मांडणी आणि छप्पर मिळून १४० किलोंत काम भागते आणि ५३५ किलोंची मोकळीक राहते.

मांडणी उचलून ठेवता येईल अशीच असावी. गाडीच्या मूळ रचनेत नोंदणीपुस्तकाशी विसंगत बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई केली आहे. हौद्यात दोरखंडाने घट्ट बांधलेली आणि मुक्कामावर उतरवली जाणारी मांडणी हे सामानच राहते. कायमस्वरूपी काही बसवायचे झाल्यास आधी परिवहन कार्यालयात विचारावे. गॅसच्या बाबतीत सवलत घेऊ नये. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास हौद्याच्या तळाशी साचतो. म्हणून चालत्या गाडीत शेगडी कधीही पेटवू नये, मुक्कामावर सिलिंडर खाली उतरवून उघड्यावर ठेवावे आणि रबरी नळी दर वर्षी बदलावी. संघासोबत असताना चौक्याची गाडी साधूंच्या मागे पावलापावलाने चालवण्याऐवजी पुढच्या मुक्कामी आधीच पोहोचलेली बरी. महामार्गावर रेंगाळणारी गाडी मागून येणाऱ्या ट्रकला वेळेवर दिसत नाही, आणि इंजिनही तापते. विहारातील संरक्षणाचे काम स्वयंसेवकांनी वेगळ्या वाहनाने करावे.

रकमेची वाटणी खरेदीपूर्वीच वहीत मांडावी. नमुन्यादाखल, हाती ४ लाख रुपये असतील तर गाडीसाठी २,८०,०००; टायर, ब्रेक, बॅटरी आणि किरकोळ दुरुस्तीसाठी ५०,०००; विमा आणि नावबदलासाठी ३०,०००; चौक्याच्या मांडणीसाठी १५,०००; आणि २५,००० राखीव. गाडी कितीही मनात भरली तरी राखीव रकमेला हात लावू नये. चार लाखांत चार लाखांची गाडी घेणारा माणूस पहिल्याच घाटात उसनवारी करतो.

अशी नीट पारखून घेतलेली गाडी पहाटे आडगाव ओलांडते. पिंपळगाव मागे पडते, द्राक्षबागांचे मांडव दोन्ही अंगांना दिसू लागतात. चांदवडच्या अलीकडे सोग्रस फाट्याला महामार्ग सोडावा लागतो. चांदवडलाच १९२८ मध्ये स्थापन झालेला नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम आहे. अनेक व्यापारी घरांतील आजोबांचे शालेय शिक्षण त्या वास्तूत झाले. भावडबारी चढून देवळा, मग सटाणा, ताहाराबाद, आणि नाशिकपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर भिलवाडच्या पलीकडे मांगी आणि तुंगी ही दोन शिखरे उभी राहतात. अखंड पाषाणात कोरलेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती दुरूनच दृष्टीस पडते. तिची प्रतिष्ठा फेब्रुवारी २०१६ मध्ये झाली. पायऱ्या सुमारे साडेतीन हजार आहेत. चढणारे चढतात, गुडघ्यांनी साथ न देणारी आजी पायथ्याशी ताडपत्रीच्या सावलीत मुगाची डाळ निवडत बसते. मंडळी उतरून येईपर्यंत पाणी गाळून झालेले असते, भात शिजलेला असतो, आणि सूर्य मावळायला पुरेसा अवकाश असतो.

सोमवारी सकाळी घडवंची आणि टेबल पुन्हा दुकानाच्या माळ्यावर जातात, आणि त्याच हौद्यात गुळाच्या ढेपी भरल्या जातात.